जनान्यातले हात

१

पूर्णा जंक्शनच्या टॉकीजमध्ये जनाना फक्त मंगळवारी दुपारी उघडायचा. बाकीच्या दिवशी बायकांना सिनेमा लागत नाही, असं गावातल्या थोरांचं मत होतं. आणि थोरांचं मत म्हणजे दगडावरची रेघ.

टॉकीज म्हणजे मूळचं सरकीचं गोदाम. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. निजामाचं राज्य गेलं, गोदामातली पोती गेली आणि वैजीनाथ सेठनं एका टोकाला पांढरा कपडा ताणून समोर पुरुषांसाठी बाकं टाकली. दुसऱ्या टोकाला, मागच्या दगडी भिंतीला लागून एक चौथरा बांधला. त्याच्यापुढं जाड पडदा. हा जनाना. दिवे मालवले की पडदा सरकवायचा, दिवे लागायच्या आत पुन्हा ओढून घ्यायचा. परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला, स्टेशनवरच्या उर्दू पाट्या उतरून मराठी लागल्या, पण हा पडदा उतरला नाही. का उतरला नाही, असं उमादेवीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. 'रिवाज हाय,' असं उत्तर आलं होतं. रिवाज हे उत्तर नसतं, ती उत्तर द्यायची टाळाटाळ असते, असं तिनं सेठला तोंडावर सांगितलं होतं.

उमादेवी औरंगाबादच्या कॉलेजातून बी. ए. होऊन आलेली, गावच्या कन्याशाळेत शिकवणारी, चुलत्याच्या घरी राहणारी आणि चुलत्याला रोज एकदा तरी घाम फोडणारी.

त्या महिन्यात मुंबईच्या वितरकानं मारधाडीच्या दोन चित्रपटांबरोबर एक जपानी बोलपट सेठच्या गळ्यात मारला. भाषा कुणालाच कळेना. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटत. "याला कुत्रं येनार न्हाई," सेठ म्हणाला. उमादेवी म्हणाली, "मी वाचून सांगते. बायकांना सांगते, तुमच्या पुरुषांच्या कानांवर पडलं तर पडू द्या."

म्हणून ती सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीला पाठ टेकून बसली. तिथून आवाज सगळ्या जनान्याला पुरायचा.

बोलपट संथ होता. नदीकाठचं गाव. एक तरुण विधवा, लोकांच्या घरांच्या सरकत्या दारांना कागद चिकटवून द्यायचं काम करणारी. स्टेशनातली घड्याळं जुळवणारा एक माणूस रोज तिच्या दारावरून जायचा. बास. गाणं नाही, नाच नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. ती खळ कालवते, कुंचल्यानं लाकडी पट्ट्यांना लावते, कागद ताणून बसवते. बाहेर त्याची पावलं वाजतात, तिचा कुंचला क्षणभर थांबतो. पावलं लांब जातात, कुंचला पुन्हा चालू. एवढ्यावर त्या दिग्दर्शकानं एक तास उभा केला होता आणि तो तास कुठं जड झाला नव्हता. फलाटावर पेरू विकणारी कडूबाई, जिला बोलल्याशिवाय घास गिळत नसे, ती पदर तोंडात धरून बसली होती.

"आता तो थांबंल बगा," ती पुटपुटली. "आज थांबतुया."

आणि तो थांबला. बाहेर पाऊस. नव्या कोऱ्या कागदावर त्याची सावली. विधवा हातातला कुंचला ठेवून उठली. उमादेवीचा आवाज आपोआप खाली आला. "तो म्हणतो... पाऊस थांबेपर्यंत इथं उभा राहिलो तर..."

तेवढ्यात मागून दोन तळवे आले आणि तिच्या डोळ्यांवर घट्ट बसले.

हे हात तिच्या जन्माच्या ओळखीचे. जत्रेत वग रंगात आला की हे हात यायचे. रस्त्यानं दारुडा लुंगी सोडून नाचत गेला की यायचे. थोरल्या बहिणीला सासरी न्यायला आले तेव्हा, ती खांबाला मिठी मारून ओरडत होती तेव्हाही, कुणीतरी मागून हेच हात ठेवले होते. कुणी ठेवले ते कधी बघायचं नसतं. मागच्या बाईनं पुढच्या पोरीचे डोळे झाकायचे, पुढच्या पोरीनं गप्प बसायचं.

रागानं तिनं वाचायचंच थांबवलं. खाली पुरुषांच्या बाकांवर खसखस पिकली. "मास्तरीनबाई लाजल्या रे!" कुणीतरी म्हणालं. तिनं मान झिंजाडली तेव्हा हात नव्हते. पडद्यावर विधवा कुंचला धूत होती. बाहेरची सावली गेलेली होती.

२

"काकू, मी पाटी-पेन्सिलीची पोर आहे का?" घरात पाय ठेवताच उमादेवी कडाडली. "डोळे झाकता माझे? चारचौघांत?"

गंगम्माकाकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, मग वर पाहिलं.

"मी कुटं झाकले?"

"मग कुणी? तुमच्याशिवाय माझ्या अंगाला हात लावायची कुणाची छाती आहे?"

"अगं, मी तुझ्याम्होरं बसल्ते. म्होरली बाई मागलीचे डोळे कशी झाकंल? उलट तूच माझे झाकले की. मला वाटलं, बी. ए. झालेल्या पोरीला शेवटी अक्कल आली. लाजंची गोष्ट हाय म्हनून मोठ्यांचे डोळे झाकायलीय." काकू हसल्या. "हात तेवढे गार होते तुझे."

उमादेवीनं हे टोमण्यात जमा केलं. काकू टोमणे फार गोड मारत. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट तिच्या बुद्धीला टोचत राहिली. ती मागच्या बाकावर होती. तिच्यामागं बाक नव्हता. चौथऱ्यावर कुणी उभं राहील एवढी जागाही नव्हती.

बाजूची बाई असेल, तिनं स्वतःला सांगितलं. हात लांब करून. झालं.

पण बाजूनं आलेल्या हातांचे अंगठे असे कानशिलांवर टेकत नाहीत, हेही तिला कळत होतं. आणि त्या हातांना वास होता, पेटीत वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या लुगड्याचा.

३

दुसऱ्या दिवशी अप्पांनी तिला ओसरीवर बोलावलं. सिद्रामप्पा म्हणजे तिचे थोरले चुलते. किराण्याचं दुकान, कपाळाला भस्म, गावात शब्दाला वजन. टॉकीजमध्ये काय दाखवावं हे ठरवायला गावानं पाच माणसं नेमली होती, त्यांतले ते पहिले.

"उमा, तो जपानी खेळ आमी शनिवारी बगितला. पाचीजणांनी."

"मग?"

"त्यात एक जागा चांगली न्हाई. बायामान्सांनी बगायजोगी न्हाई. अशीच चित्रं येनार असतील तर जनाना बंद केलेला बरा. वैजीनाथ म्हनतो, चौथऱ्यावर पुन्हा सरकी भरतो."

"काय आहे त्या जागेत?"

अप्पांनी पानदान पुढं ओढलं. "ते सांगन्यासारखं न्हाई."

"तुम्ही पाच जणांनी डोळे फाडून बघितलं, आणि मला सांगण्यासारखं नाही?"

"तोंड सांभाळ."

"अप्पा, गावातल्या बायकांना आठवड्यात तीन तास मिळतात. तीन तास! पेरूची टोपली खाली ठेवून, पोर सासूकडं टाकून त्या येतात. तुम्ही पत्ते कुटायला रोज जाता, तुमच्याकडं कुणी हिशेब मागत नाही. आणि बायकांचे तीन तास सरकीच्या पोत्यांना द्यायचे?"

अप्पा सुपारी कातरू लागले. त्यांचं पुतणीवर प्रेम नव्हतं असं नाही. पण त्या प्रेमाला मान तुकवायची सवय नव्हती.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "तू शिकलेली हाईस. खेळ अजून दोन मंगळवार हाय. ती जागा तू सोता बग. मग पाचीजणांम्होरं गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांग, की मी बगितलं आन् त्यात वावगं काई न्हाई. जनाना चालू. न्हाई सांगता आलं, तर बंद. पुन्हा भांडायचं न्हाई."

त्यांनी तिला बरोबर कोंडीत धरलं होतं. लिंगावर हात ठेवून उमादेवी खोटं बोलणार नाही, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. आणि ती जागा तिनं पाहिली नव्हती.

४

ती टॉकीजवर गेली. दुपारचं रिकामं टॉकीज उन्हानं तापलेलं होतं. पत्रे थांबून थांबून कडकड वाजत होते. जनान्यात मात्र ओल होती. तिनं मागच्या भिंतीवरून हात फिरवला. सलग काळा दगड, सांध्यांत चुना. खिडकी नाही, झरोका नाही. सरकीला वारा लागू नये म्हणून बांधलेली भिंत. तिच्यापलीकडं काय आहे ते बघायला ती बाहेरून फिरून आली. बाभळी, आणि रुळांवर उभे मालगाडीचे डबे.

"काय हुडकायलात, बाई?" वैजीनाथ सेठनं विचारलं.

"सेठ, मला एकटीला तेवढं रीळ लावून दाखवा."

"एका मान्सासाठी मशीन? मशीनच्या दिव्याच्या कार्बनकांड्या काय झाडाला लागत्यात?"

"मग मंगळवारी मी पुरुषांच्या बाकावर बसते."

सेठनं कानांना हात लावला. "तुमी तिकडं बसा, आन् अप्पा मला रुळावर बसवतेत."

"बरं, तुम्ही तर पाहिलंय. सांगा, विधवा उठते, मग काय होतं?"

सेठ डोकं खाजवू लागला. लग्न झालेला, तीन पोरांचा बाप, आणि कान लाल झाले. "तसं काई न्हाई, बाई. हात बी लावत न्हाई कुनी कुनाला."

"मग काय आहे?"

"पन बगवत न्हाई ओ. आता बाईमान्साम्होरं कसं सांगू?"

उमादेवीला वाटलं, याच्या डोक्यावर ते रीळच आपटावं. ती वळली. पायऱ्या उतरताना तिला मागं, चौथऱ्यावर, पुष्कळ जणी दाटीवाटीनं सरकून बसताना होते तशी सळसळ ऐकू आली. नऊवारीच्या निऱ्यांची. ती थांबली. पत्रा कडाडला. वारा असेल, ती म्हणाली, आणि लगेच तिला आठवलं की ही भिंत वारा लागू नये म्हणूनच बांधली होती.

५

दुसऱ्या मंगळवारी ती तयारीनं बसली. पाठ आणि डोकं भिंतीला चिकटवून. बोटभरही जागा ठेवली नाही. आता बघू कोण मागून येतं ते!

पुढच्या बाकावर काकू, बाजूला कडूबाई, काकूंशेजारी उमादेवीच्या शाळेतली, तिच्याच हाताखाली शिकणारी मनकर्णा. पडदा सरकला. खळ, कुंचला, कागद. उमादेवी वाचत होती, आणि वाचता वाचता तिला पुन्हा त्या दिग्दर्शकाचा हेवा वाटत होता. किती धीर असेल त्या माणसाला! बाई काम करते, ते काम तो बघत बसतो. तिच्या मनगटाकडं बघतो, चेहऱ्याकडं नाही. आपल्याकडं बाईचं काम कुणी बघतच नाही, एकदम भाकरीच बघतात.

पाऊस. पावलं. सावली थांबली. विधवा उठली.

हात आले.

डोकं दगडाला टेकलेलं होतं. डोक्याच्या मागं गार दगड होता आणि डोळ्यांवर गार तळवे होते, आणि या दोहोंच्या मध्ये मनगटांना, कोपरांना, खांद्यांना, कुणाच्याही शरीराला जागा नव्हती. उमादेवीनं दोन्ही हातांनी ते हात ओढले. ते हलले नाहीत. जोर लावल्यासारखेही वाटले नाहीत. खूप दिवस तिथंच असल्यासारखे होते. पावसाचा आवाज येत होता, पडद्यावरचा. कागदावर काहीतरी टचकन वाजल्यासारखं झालं. मग तळवे गेले, आणि विधवा कुंचला धूत होती.

खेळ सुटल्यावर बाहेर लिंबाखाली बायका चपला शोधत होत्या, तेव्हा तिनं त्यांना गाठलं.

"खरं सांगा. ती उठली, त्यापुढं काय झालं ते कुणी बघितलं?"



"न्हाई बा," कडूबाई म्हणाली. "माजे डोळे झाकले व्हते की मागल्या बाईनं."

"तुमच्या मागं कोण होतं?"

"कोन का आसंना! मागं वळून बगायचं आसतंय व्हय?"

"कडूबाई, तुम्ही माझ्या शेजारी होता. आपल्या मागं भिंत आहे."

कडूबाईचा चपलेत अर्धा गेलेला पाय तसाच राहिला. मग ती मोठ्यानं हसली, फार मोठ्यानं. "मंग तुमीच झाकले आसतील, बाई! चेष्टा करायलात गरिबाची."

"माझे पण झाकले होते," काकू म्हणाल्या. आणखी एक म्हणाली, माझे पण. एकेक करत सगळ्याच. कुणाला राग नव्हता, कुणाला भीती नव्हती. मनकर्णानं तर खांदे उडवले. "बाई, आमचे तर समदीकडंच झाकत्यात की."

उमादेवीला त्या हातांपेक्षा या उत्तराचीच जास्त चीड आली. अख्खा जनाना आंधळा होऊन बसला होता आणि प्रत्येकीला वाटत होतं, असंच असतं.

६

तिसरा मंगळवार शेवटचा होता. पाची थोर पुरुषांच्या पहिल्या बाकावर येऊन बसले. उद्या तिचा जबाब होता.

दिवे जायच्या आधी उमादेवी चौथऱ्यावर उभी राहिली. "आज सगळ्यांनी एकमेकींचे हात धरायचे. खेळ संपेस्तोवर सोडायचे नाहीत. एकही हात मोकळा राहता कामा नये."

"काय खुळ्यावानी!" काकू म्हणाल्या. पण त्या आज तिच्या डाव्या हाताला येऊन बसल्या होत्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. उजवा कडूबाईनं. पुढच्या बाकावर मनकर्णा आणि तिच्या शेजारणी. सगळ्या बाकांवरून हातात हात गेले.

अंधार झाला. बोलपट चालू झाला. मशीनची घरघर, बाहेर कुठंतरी इंजिनाची शिट्टी. काकूंच्या तळहाताला घाम सुटला होता, कडूबाईच्या बोटांना पेरूचा वास होता. उमादेवी वाचत होती. 

पाऊस. पावलं. सावली.

"तो म्हणतो, पाऊस थांबेपर्यंत इथं उभा राहिलो तर चालेल का..."

हात आले. सगळ्या जनान्यातून एकदम एक बारीक हुंकार उठला. काकूंचा हात तिच्या हातात होता. कडूबाईचा हात तिच्या हातात होता. पुढून मनकर्णाचा आवाज आला, "बाई, माजे दोनी हात धरलेत. बाई, मंग ह्ये कोन?"

"सोडू नका!" उमादेवी ओरडली.

तिला आता भीती वाटत नव्हती, असं नाही. पण भीतीच्या खाली एक जुना, वर्षानुवर्षं साठलेला संताप होता, आणि तो वर आला. कुणाच्या परवानगीनं? कोण तुम्ही? तिनं मान वाकडी केली, तोंड उघडलं आणि गालावर उतरलेल्या करंगळीला कडकडून चावा घेतला.

तोंडाला कसलीच चव आली नाही. मिठाचीसुद्धा नाही. हात दचकला नाही. पण बोटं थोडी विलग झाली, आणि त्या फटीतून उमादेवीनं पाहिलं.

विधवा कागदाच्या दारापाशी उभी होती. दिवसभर खपून लावलेला कोरा कागद. तिनं तर्जनी जिभेला लावली, ओली केली, आणि कागदावर टेकवली. टच्. एवढंसं भोक. मग ती वाकली आणि तिनं त्या भोकाला डोळा लावला. सगळा पडदा त्या एका डोळ्यानं भरून गेला. ती बघत होती. बाहेर उभ्या त्या माणसाला, त्याच्या भिजलेल्या मानेला, पोटभर, सावकाश, कुणाची परवानगी न घेता. त्याला पत्ताही नव्हता.

एवढंच.

यासाठी? यासाठी पाच जणांची बैठक, पानदान, शपथ? उमादेवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, रागानं आणि त्या चित्राच्या देखणेपणानंही. "ती बघतेय!" ती साऱ्या टॉकीजला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली. "बायांनो, काही वाईट नाही! ओल्या बोटानं कागदाला भोक पाडलंय आणि ती त्याला बघतेय, बस्स, बघतेय!"

खाली पुरुषांत कुणी हसलं नाही.

आणि मग, त्या पडद्यावरच्या डोळ्याचा उजेड जनान्यावर पडलेला असताना, तिनं बाजूला बघितलं.

काकूंच्या डोळ्यांवर दोन हात होते. म्हातारे, मनगटापर्यंत गोंदलेले. कडूबाईच्या डोळ्यांवर दोन, ओली हळद लागलेले. पुढच्या बाकावर प्रत्येकीच्या डोळ्यांवर दोन. भरल्या चुड्यांचे, भुंड्या मनगटांचे, काही इतके लहान की डोळ्यांवर नीट पुरतही नव्हते. मनगटांमागं काळोख होता. आणि काळोखात सगळा वेळ एकच हालचाल होती. जनान्यात पाठीमागं उभं राहावं लागलेल्या बायका टाचा उंचावून, पुढच्यांच्या डोक्यांवरून पडदा बघायची धडपड करतात, तशी.

विधवेनं कुंचला उचलला. हात गेले.

७

"बघितलंस?" अप्पांनी विचारलं.

उमादेवीनं लिंगावर हात ठेवला. "बघितलं. बाई बघते. आणखी काही नाही. यात वावगं असेल तर अप्पा, तुम्ही पाची जणांनी ते दोन-दोनदा बघितलंत."

पाचांतला एक खोकला. अप्पा पानदानाशी खेळत राहिले. बाईचं बघणं वाईट, हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं असावं. पण मोठ्यानं म्हणायला गेलं की ते पोकळ वाजतं, हे त्यांनाही कळलं.

"जनाना चालू ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

जे शेवटी दिसलं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला विचारलंही नव्हतं.

बातमी गावभर गेली. सेठनं लबाडी करून बोलपट आणखी एक आठवडा ठेवून घेतला. त्या मंगळवारी चौथऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वेच्या चाळीतल्या, आठवडी बाजाराला आलेल्या, कधीच न आलेल्या. उमादेवी मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून. तिच्यापुढं मनकर्णा. कडूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगत होती, "बाईंनी लडाई मारली! आता कुनी डोळं झाकनार न्हाई, खुशाल बगा!"

पडदा सरकला. उमादेवी वाचू लागली, मोकळ्या आवाजात. पाऊस आला. पावलं आली. कागदावर सावली थांबली आणि विधवा उठली. उमादेवीनं श्वास रोखला.

हात आले नाहीत. पडदा स्वच्छ, मोकळा. बोट जिभेवर गेलं. आता जनान्यातली एकेक बाई हे बघेल. तिला मनापासून हसू आलं.

मग तिला तळव्यांत काहीतरी जाणवलं. गुदगुल्यांसारखं. पाखरू धरावं तसं.

पापण्या.

तिनं खाली बघितलं. तिचे हात पुढं गेलेले होते. दोन्ही. अंगठे मनकर्णाच्या कानशिलांवर टेकलेले, तळवे डोळ्यांवर घट्ट. ती ते उचलायला गेली. हात तिचेच होते, बोटांना खडूची पांढरी भुकटीही तिचीच होती, पण ते उचलले जाईनात. ते खूप दिवस तिथंच असल्यासारखे होते. तिनं तोंड उघडलं, आवाज नव्हता. पुढून कडूबाई विचारत होती, "काय झालं ओ, बाई? का थांबलात? पुडं काय झालं?"

ओरड, मने, तिनं मनात आकांत केला. मान झिंजाड. चाव. मी चावले होते, तूही चाव! रागाव एकदा माझ्यावर!

तळव्यांखाली पापण्या दोनदा फडफडल्या आणि मिटल्या. मनकर्णा शहाण्या पोरीसारखी स्वस्थ बसून राहिली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.